‘ट्रबल इन पॅरडाइज’ पाहिला, पण लुबिचची शैली दिसली नाही. ती नेमकी कुठे शोधायची?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचा १९३२ सालचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ तुम्ही त्याची कीर्ती ऐकून पाहिलात. दोन सराईत चोर, एक श्रीमंत विधवा, उंची कपडे आणि चटपटीत संवाद एवढे तुम्हाला दिसले. मात्र गुन्हेपटातला थरार त्यात नव्हता, प्रेमपटातली उत्कटता नव्हती आणि ज्या ‘लुबिच टच’बद्दल जाणकार बोलतात, तो कोणत्या क्षणी येऊन गेला हेही तुम्हाला कळले नाही. दोष आपल्या नजरेचा की चित्रपटाच्या वयाचा, असे तुम्ही विचारले आहे. मी व्यवसायाने संकलक आहे आणि रसास्वादाच्या वर्गांत हा चित्रपट बरीच वर्षे दाखवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दोष बहुधा दोन्हींचा नाही. दिग्दर्शकाची शैली म्हणजे पडद्यावर ठळकपणे दिसणारी करामत, अशी आपल्याला सवय लागलेली असते. तिरपा कॅमेरा, लांबलचक शॉट, गडद सावल्या आपल्या लगेच ध्यानात येतात. लुबिचची शैली मात्र पडद्यावर काय आणायचे नाही आणि ते प्रेक्षकाला कधी कळू द्यायचे, या निवडीत असते. म्हणून ‘सुंदर शॉट कोणता’ असे विचारत बसलात तर हाती फारसे लागणार नाही. त्याऐवजी ‘या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे’ असे विचारलेत, तर जवळजवळ प्रत्येक प्रसंग उलगडू लागतो.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या मान्य करायला हव्यात. संवाद वेगवान आहेत आणि अर्धा विनोद बोलण्याच्या सुरात आहे. उपशीर्षके वाचत पाहिलात तर नजर पडद्याच्या तळाशी अडकते आणि वर घडणारे डोळ्यांचे व हातांचे काम निसटते. जुनी, धुरकट प्रत मिळाली असेल तर ट्रॅव्हिस बँटनचे पोशाख आणि हान्स ड्रायरने उभारलेली चकचकीत, आधुनिक घरे यांचा अर्धा परिणाम गेलाच म्हणून समजा. एकट्याने लॅपटॉपवर पाहणे आणि भरलेल्या सभागृहात पाहणे यांतही अंतर आहे, कारण लुबिच प्रेक्षकाच्या हसण्यासाठी जागा सोडतो आणि घरी एकटे असताना त्याच जागा रिकाम्या वाटतात. शिवाय त्या काळातले दुसरे काहीच पाहिलेले नसेल, तर या चित्रपटाने काय टाळले आहे हे कळायला मार्गच उरत नाही. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला ते हेच १९३२ साल. बोलपट सगळीकडेच नवा होता आणि आवाजाचे करायचे काय, हे जो तो आपापल्या परीने शोधत होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो आणि एकाच प्रसंगावर थोडा रेंगाळतो, कारण तो नीट उमगला की पुढचे बरेचसे आपोआप सुटते. व्हेनिसमधल्या हॉटेलात गास्तों मोनेस्कू (हर्बर्ट मार्शल) सरदार असल्याची बतावणी करून उतरला आहे आणि लिली (मिरियम हॉपकिन्स) उमरावीण बनून त्याच्याकडे जेवायला आली आहे. दोघेही चोर आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याविषयी संशय आहे. जेवता जेवता ती शांतपणे त्याला सांगते की तू लुटारू आहेस, याच हॉटेलातल्या एका पाहुण्याला तू लुटले आहेस. आणि त्याच दमात मीठ मागते. तो तितक्याच शांतपणे मीठ पुढे करतो आणि सांगतो की ते पाकीट आता तुझ्याजवळ आहे, कारण तू ते माझ्या खिशातून काढलेस तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. मग तो उठून दाराला कुलूप लावतो, पडदा ओढतो आणि तिला धरून असे गदागदा हलवतो की पाकीट खाली पडते. दोघे परत जेवायला बसतात. तो तिची पिन परत करतो. ती त्याचे घड्याळ परत करते आणि ते मागे पडत होते म्हणून लावून दिल्याचे सांगते. शेवटी त्याच्याकडे तिचा गार्टर (मोजा घट्ट धरणारा पट्टा) असल्याचे उघड होते आणि ती आनंदाने त्याच्या गळ्यात पडते.

संकलकाच्या नजरेतून या प्रसंगात काय दिसते ते सांगतो. यातली एकही चोरी आपण घडताना पाहत नाही. खिशाकडे सरकणाऱ्या हाताचा निकटचित्र शॉट नाही, बोटांची हालचाल नाही, हळूच काढलेले घड्याळ नाही. हा प्रसंग एखाद्या नेहमीच्या गुन्हेपटासाठी माझ्या टेबलावर आला असता तर मी ते शॉट मागितले असते, कारण ते असले की प्रेक्षकाला पात्राच्या आधी कळते आणि ‘आता पकडली जाणार का’ असा ताण तयार होतो. थरार तिथूनच येतो. लुबिच ते शॉट घेत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला पात्रांच्या नंतर कळते. आपण दोघांच्याही मागे पडतो, आणि मागे पडल्याचे लक्षात येताच मघाच्या गोड बोलण्यात, हातांच्या स्पर्शात आणि त्या मिठीत काय काय चालले होते याची मनातल्या मनात फेरतपासणी करतो. ही फेरतपासणी हेच इथल्या आनंदाचे मूळ आहे. तुम्हाला थरार सापडला नाही याचे कारणही हेच. तो राहून गेलेला नाही, दिग्दर्शकाने तो जाणूनबुजून दुसऱ्या कशाच्या बदल्यात सोडला आहे.

ते दुसरे म्हणजे प्रेम. याच प्रसंगात चोरी हीच आर्जवाची रीत बनते. एकमेकांचा खिसा कापता येणे हीच इथली पात्रता आहे, आणि लिली त्याच्या प्रेमात पडते ती त्याच्या हुद्द्यामुळे नव्हे, तर त्याच्या कारागिरीमुळे. पुढे पाहा: दोघे कोचावर एकमेकांच्या मिठीत आहेत, चित्र विरघळते आणि कोच रिकामा दिसतो, मग एक हात दाराबाहेर येऊन ‘व्यत्यय आणू नये’ अशी पाटी अडकवतो. म्हणजे चोरी जशी दाखवली, तसाच प्रणयही दाखवला. कृती गाळली, खूण ठेवली. चोरी आणि प्रेम या दोन्ही गोष्टी एकाच व्याकरणाने मांडणे ही या चित्रपटाची खरी कल्पना आहे आणि माझ्या मते ‘लुबिच टच’ म्हणून जे काही आहे, ते या चित्रपटात तरी यापेक्षा वेगळे नाही. हा शब्दप्रयोग इतका सैल झाला आहे की कोणत्याही खट्याळ विनोदाला तो चिकटवला जातो. मी वर्गात तो शक्यतो वापरतच नाही.

ही रीत आवाजाच्या बाबतीत कुठवर जाते, हे घड्याळांच्या प्रसंगात दिसते. पॅरिसमध्ये गास्तों सुगंधी द्रव्यांच्या कंपनीची मालकीण मादाम मारिएत कोले (के फ्रान्सिस) हिचा सेक्रेटरी झाला आहे आणि लिली तिथेच त्याच्या हाताखाली कारकुनी करते आहे. संध्याकाळी पाच वाजता लिलीची कामाची वेळ संपते. त्यानंतरची गास्तों आणि मारिएतची अख्खी संध्याकाळ आपल्याला घड्याळांच्या तबकड्यांवर दिसते. काटे पुढे सरकलेले असतात, पडद्यावर माणूस नसतो, फक्त आवाज ऐकू येतात: दाराची टकटक, जेवणाचे आमंत्रण, परत आल्यानंतरची कुजबुज. नवशिक्या दिग्दर्शकाला बोलपट म्हणजे बोलणाऱ्या माणसाचे तोंड दाखवणे वाटत होते, त्या काळात लुबिचने तोंड पडद्याबाहेर ठेवून आवाज आत घेतला. मूकपटात वर्षानुवर्षे वस्तूंकडून बोलवून घेतल्यामुळेच हे त्याला सुचले असावे असे मला वाटते. ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ हे ऑस्कर वाइल्डचे नाटक १९२५ साली त्याने मूकपट म्हणून केले आणि नाटकातली प्रसिद्ध सुभाषिते बाजूला ठेवून केवळ नजरांवर ते उभे केले होते.

तुमची दुसरी तक्रार उत्कटतेबद्दल आहे. तिचे उत्तर मी शेवटाकडच्या दोन प्रसंगांतून देईन. गास्तों पळून जायच्या तयारीत असताना मारिएत त्याला मिठीत घेऊन सांगते की आपल्याला घाई नाही, आपल्यापुढे आठवडे आहेत, महिने आहेत, वर्षे आहेत. या शब्दांबरोबर चित्र बदलत जाते: ते दोघे आधी आरशात दिसतात आणि शेवटी पलंगावर पडलेल्या त्यांच्या सावल्या दिसतात. हा चित्रपटातला सर्वात धीट शॉट आहे, आणि त्यात दोन सावल्यांखेरीज काहीही नाही. पण धीटपणापेक्षाही मला त्यातला खेद महत्त्वाचा वाटतो. ती वर्षांची भाषा बोलत आहे, त्याच्याकडे मिनिटे उरली आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि पडद्यावर माणसे न राहता त्यांची प्रतिबिंबे राहिली आहेत. ज्या दिग्दर्शकाने जेवणाच्या प्रसंगात आपल्याला पात्रांच्या मागे ठेवले, तो इथे आपल्याला मारिएतच्या पुढे नेतो, आणि म्हणूनच इथे हसू येत नाही.

दुसरा प्रसंग निरोपाचा. मारिएतला सगळे कळून चुकले आहे. जाता जाता तो तिला विचारतो की तू कशाला मुकते आहेस, हे तुला ठाऊक आहे का. ती मान हलवते, कारण तिच्या मनात गेलेल्या दिवसांचा आणि न आलेल्या रात्रींचा विचार आहे. तो नाही म्हणतो आणि खिशातून तिचाच मोत्यांचा कंठा काढून दाखवतो: मुकते आहेस ती याला, आणि ही तुझ्याकडून लिलीला भेट. यावर ती रागावत नाही. आपल्या कंपनीच्या शुभेच्छांसह ती भेट मंजूर करते. प्रेमाचा निरोपसुद्धा इथे चोरीच्या भाषेत घेतला जातो. चोरलेली वस्तू दाखवून देणे म्हणजे पहिल्या जेवणाच्या वेळी लिलीशी जो प्रामाणिकपणा झाला, तोच शेवटी मारिएतच्या वाट्याला येणे. हे ज्याला थंड वाटते त्याच्याशी मी वाद घालत नाही, पण के फ्रान्सिसचा चेहरा त्या वेळी पुन्हा एकदा नीट पाहा, एवढे सुचवतो. तिच्या अभिनयाबद्दल कमी बोलले जाते, ते मला अन्यायाचे वाटते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: कृती गाळायची, तिचा माग ठेवायचा, आणि प्रेक्षकाला पात्रांच्या मागे किंवा पुढे किती ठेवायचे हे प्रसंगागणिक ठरवायचे. एडवर्ड एव्हरेट हॉर्टनने केलेला फिलिबा हा तर याच नियमाचे चालतेबोलते उदाहरण आहे. व्हेनिसमध्ये टॉन्सिल तपासणारा डॉक्टर बनून गास्तोंने त्याला लुटले होते. पॅरिसमध्ये तोच चेहरा पुढ्यात असूनही त्याला आठवत नाही, आणि आठवते ते गोंडोलाच्या, म्हणजे व्हेनिसमधल्या होडीच्या, आकाराच्या ॲशट्रेमुळे. आपण सगळे जाणून आहोत, तो काहीच जाणत नाही, आणि एक क्षुल्लक वस्तू हे अंतर मिटवते.

मात्र शैलीची चर्चा करताना विषय विसरू नये. हा चित्रपट महामंदीच्या ऐन भरातला आहे, आणि तो व्हेनिसच्या चंद्रप्रकाशाने सुरू न होता कचऱ्याच्या डब्याने सुरू होतो: एक माणूस डबा उचलतो, कचऱ्याने भरलेल्या गोंडोलात रिकामा करतो आणि ‘ओ सोले मिओ’ गात वल्हवत निघून जातो. मारिएत कामगारांचे पगार कमी करायला नकार देते. तीन हजार फ्रँकची पर्स महाग म्हणून नाकारते आणि लगेच सव्वा लाख फ्रँकची विकत घेते. तिच्या कंपनीचा वयोवृद्ध, प्रतिष्ठित अध्यक्ष (सी. ऑब्री स्मिथ) तिला लाखोंनी लुटत असतो. गास्तों हे उघड करतो तेव्हा मारिएत पोलिसांकडे जायला कचरते, कारण अध्यक्ष तिच्याच वर्गातला आहे; आणि गास्तों कडवटपणे सुनावतो की खालून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला चोर असता, तर तुम्ही क्षणात पोलिसांना फोन केला असता. चित्रपटभर मऊ आवाजात बोलणाऱ्या माणसाचा स्वर इथेच काय तो चढतो. १९३१–३२ सालच्या अमेरिकन गुन्हेपटांतले, उदाहरणार्थ ‘लिटल सीझर’ किंवा ‘स्कारफेस’ यांतले, गुंड शेवटी गोळ्या खाऊन मरतात. लुबिचचे चोर टॅक्सीत बसून निघून जातात आणि वाटेत पुन्हा एकमेकांचे खिसे साफ करतात. शिक्षा नसणे हा इथे ढिलेपणा नाही. खरा मोठा चोर तुरुंगाबाहेर असताना या दोघांना शिक्षा देणे हाच खोटेपणा ठरला असता.

हेच पुढे चित्रपटाच्या मुळावर आले. हॉलिवूडची निर्मिती-संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे नाही याची नियमावली, १९३० साली कागदावर आली होती, पण तिची सक्तीची अंमलबजावणी १९३४ पासून सुरू झाली. १९३५ साली पॅरामाउंट या चित्रसंस्थेला हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्याची परवानगी नाकारली गेली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ तो जवळजवळ नजरेआड राहिला. त्यामुळे त्याची कीर्ती बराच काळ ऐकीव होती, आणि ऐकीव कीर्ती नेहमीच अपेक्षा फुगवते. तुमच्या निराशेत तिचाही थोडा वाटा असू शकतो.

श्रेयाबद्दलही सावधपणे बोलायला हवे. कथा एका हंगेरियन नाटकावरून घेतलेली आहे. पटकथा सॅमसन राफेलसनची, छायाचित्रण व्हिक्टर मिल्नरचे. बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा, माक्स राइनहार्टच्या नाटक मंडळीतला नट, मग दिग्दर्शक, आणि १९२२ साली अमेरिकेत, असा लुबिचचा प्रवास आहे. नटाचा पिंड कायम असल्यामुळे तो लेखकासोबत बसून प्रत्येक भूमिका करून दाखवत पटकथा बांधत असे. म्हणून कोणती कल्पना कोणाची, हे वेगळे काढण्याच्या भरीस मी पडत नाही. चित्रीकरणाआधीच जवळजवळ सगळे ठरलेले असल्याचा पुरावा मात्र संकलनात जागोजागी दिसतो: प्रसंगाच्या आत जोडणी सुधारायला वावच नाही, कारण दुसऱ्या पद्धतीने जोडण्याइतके जास्तीचे काही घेतलेले आहे असे वाटत नाही. जाता जाता एक गोष्ट, जी माहीत नसल्यास तुम्हाला दिसणार नाही: हर्बर्ट मार्शलचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला होता. जिना धावत चढण्यासाठी बदली माणूस वापरला आहे आणि बाकी ठिकाणी त्याच्या सावकाश, तोलून टाकलेल्या पावलांतूनच गास्तोंचा रुबाब तयार झाला आहे.

दुसऱ्यांदा पाहताना काय करावे, तेही विचारले आहेत. जेवणाचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, म्हणजे हात आणि नजरा दिसतील. घड्याळांचा प्रसंग डोळे मिटून ऐका, म्हणजे आवाजावर किती भार टाकला आहे ते समजेल. मारिएतच्या घरातली दारे आणि जिना यांच्याकडे लक्ष ठेवा. कोण कोणत्या दारातून गेले आणि कोणते दार बंद झाले, एवढ्यावर लुबिच अख्खी बातमी देतो. मग एखादा प्रसंग निवडून कागदावर दोनच गोष्टी लिहा: प्रेक्षकाला हे कधी कळले, आणि पात्राला कधी कळले. माझ्या वर्गांत हा सराव शॉटच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडलेला आहे.

त्यानंतर त्याचे आणखी दोन चित्रपट पाहा: १९२४ चा मूकपट ‘द मॅरेज सर्कल’ आणि १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. पहिल्यात ही रीत आवाजाविना घडताना दिसते. दुसऱ्यात तीच रीत पगारावर जगणाऱ्या साध्या दुकान-नोकरांच्या आयुष्यात वापरली आहे आणि तिथली ऊब लगेच जाणवते. अनेकांना तो आधी आवडतो आणि मग ते ‘ट्रबल इन पॅरडाइज’कडे परत येतात. स्वतः लुबिचने १९४७ साली, मृत्यूच्या वर्षी, एका पत्रात लिहिले होते की निव्वळ शैलीच्या दृष्टीने यापेक्षा सरस आपण काही केलेले नाही. त्याचा शब्द ‘शैली’ हा आहे, ‘सर्वोत्कृष्ट’ हा नव्हे, हे ध्यानात घ्या. तिन्ही पाहून झाल्यावर तुमची आवड ‘शॉप’कडे झुकली, तरी त्याच्या या विधानाशी तुमचा मतभेद झाला असे होत नाही.